एतद्देशीय प्राणी, त्यांची नावे आणि खासगी कुंपणे : ऑस्ट्रेलियातील वन्यप्राणिरक्षणाचा एक अध्याय

1980 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील काही प्राणिशास्त्रज्ञांनी त्या खंडाच्या मध्यवर्ती वाळवंटात एक निराळीच पाहणी केली. वस्तुसंग्रहालयांत जतन करून ठेवलेली सस्तन प्राण्यांची कातडी बरोबर घेऊन ते आदिवासींच्या वस्त्यांवर गेले आणि वयोवृद्ध स्त्रीपुरुषांपुढे ती एकेक मांडून त्यांनी विचारणा केली : हा प्राणी कोणता, तो राहतो कोठे, खातो काय, आणि अखेरचा केव्हा दिसला? बर्बिज, जॉन्सन, फुलर व साउथगेट या चौघांनी या पाहणीचा वृत्तांत 1988 साली प्रसिद्ध केला. ज्या प्राण्यांचे मोजकेच नमुने शास्त्राच्या हाती होते त्यांची नावे, सवयी, बिळांची ठेवण आणि शिकारीच्या रीती या वृद्धांनी बिनचूक सांगितल्या. शास्त्रज्ञांच्या समजुतीप्रमाणे विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसेनासे झालेले काही प्राणी वाळवंटाच्या आतील भागात त्यानंतर कित्येक दशके नांदत होते, असेही त्यांच्या साक्षींवरून दिसून आले. प्राणी नाहीसा झाला होता. त्याचे नाव मात्र ते उच्चारणाऱ्यांच्या मुखी अजून जिवंत होते.

ऑस्ट्रेलियातील वन्यप्राणिरक्षणाचा इतिहास बहुधा कायदे, अभयारण्ये आणि आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. तो नावांच्या अंगाने पाहिला असता त्यातील काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. विशेषतः 1969 नंतर तेथे या कार्यात खासगी व्यक्ती व धर्मादाय संस्था का उतरल्या आणि त्यांनी नेमके काय केले, हे समजण्यास ही वाट उपयोगी पडते.

जुलै 1770 मध्ये जेम्स कुकचे जहाज दुरुस्तीसाठी एंडेव्हर नदीच्या मुखाशी अडकून पडले होते. त्या मुक्कामात कुक व जोसेफ बँक्स यांनी तेथील गूगू यिमिधिर भाषेतील काही शब्द टिपून घेतले. ‘कांगारू’ हा त्यांतील एक. 1820 साली फिलिप पार्कर किंग त्याच ठिकाणी गेला, तेव्हा त्याच प्राण्यासाठी त्याला दुसराच शब्द मिळाला, आणि कुकची काही तरी फसगत झाली असावी असा ग्रह पसरला. ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर कोणी दिले आणि तेच प्राण्याचे नाव म्हणून टिपले गेले, ही लोकप्रिय कथा त्या ग्रहातूनच रुजली. ती निराधार आहे. जॉन हॅव्हिलंड या भाषाशास्त्रज्ञाने 1970 नंतर गूगू यिमिधिरचा जो अभ्यास केला, त्यावरून ‘गंगुरु’ हे एका विशिष्ट मोठ्या जातीच्या कांगारूचे नाव असल्याचे ठरले. किंगला मिळालेला शब्द खाण्याजोग्या कोणत्याही प्राण्याचा वाचक होता. कुकने जातिविशेषाचे नाव घेतले आणि इंग्रजीने ते सबंध कुलाला लावले, एवढाच काय तो प्रमाद.

1788 मध्ये सिडनी येथे वसाहत झाली तेव्हा वसाहतवाल्यांनी हा शब्द तेथील लोकांपुढे त्यांचाच शब्द म्हणून वापरला. त्या लोकांची भाषा निराळी. त्यांच्या बोलीत त्या प्राण्याला ‘पटगरंग’ म्हणत. ‘कांगारू’ हा परक्यांचा, चतुष्पादांना लावण्याचा एखादा सामान्य शब्द असावा असा त्यांनी तर्क केलेला दिसतो. कारण कुंपणातील मेंढ्यांकडे पाहून ‘कांगारू, कांगारू’ असे ओरडणाऱ्या मंडळींची नोंद वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. भाषासंपर्काच्या इतिहासात इतका बोलका प्रसंग क्वचितच सापडेल.

पुढील शंभर वर्षांत मात्र स्थानिक शब्द घेण्याची ही तत्परता मंदावली. कोआला, वॉम्बॅट, डिंगो असे काही शब्द सिडनीच्या परिसरातून इंग्रजीत आले खरे. परंतु बहुसंख्य प्राण्यांना युरोपातील किंवा अन्य वसाहतींतील प्राण्यांची उसनी नावे चिकटविण्यात आली. यांपैकी एक नाव भारतातून गेले आहे. तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे शब्दशः ‘डुकरासारखा उंदीर’, हे घुशीचे नाव. इंग्रजांनी ते ‘बँडिकूट’ असे उचलले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते लांब नाकाच्या एका ऑस्ट्रेलियन शिशुधान प्राण्याला देऊन टाकले. त्या प्राण्याचा घुशीशी काडीइतकाही संबंध नाही. याहून गमतीचे उदाहरण लांब कानांच्या वाळवंटी बँडिकूटचे आहे. त्याला ‘ससा-बँडिकूट’ म्हणत. म्हणजे एका युरोपीय प्राण्याचे आणि एका भारतीय प्राण्याचे अशी दोन नावे सांधून ज्याला ओळख दिली, तो स्वतः या दोहोंपैकी काहीच नव्हता. युवालाराय भाषेत त्याला ‘बिल्बी’ असे सुटसुटीत नाव होते.

कोआलाला ‘नेटिव्ह बेअर’, ठिपकेदार शिकारी शिशुधानाला ‘नेटिव्ह कॅट’ अशी नावे रूढ झाली. येथे ‘नेटिव्ह’ या विशेषणाचे कार्य लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत परदेशाहून आलेल्या वस्तूला परिचित नाव देऊन त्यापुढे ‘विलायती’ जोडतात. विलायती चिंच ही चिंच नव्हे, पण चिंच हे परिमाण इथले असते आणि पाहुणी वस्तू त्याने मोजली जाते. ऑस्ट्रेलियात हे उलट झाले. पाहुण्याने आपले मांजर हे परिमाण मानले आणि मूळच्या रहिवाशाला ‘इथले मांजर’ म्हटले. खऱ्या मांजराची ती एक गावठी, हिणकस आवृत्ती, असा ध्वनी त्यातून निघतो. टास्मानियातील थायलसीनच्या बाबतीत हा ध्वनी प्राणघातक ठरला असे म्हणण्यास हरकत नाही. त्याला कधी लांडगा, कधी तरस, कधी वाघ म्हटले गेले. आणि मेंढपाळांच्या भाषेत या तिन्ही नावांना उत्तर एकच होते. टास्मानिया सरकारने 1888 ते 1909 या काळात त्याच्या वधाबद्दल 2,184 इनामे दिली. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले ते जुलै 1936 मध्ये, आणि होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील अखेरचा ज्ञात थायलसीन मेला तो 7 सप्टेंबर 1936 रोजी. अर्थात केवळ नावामुळे कोणी प्राणी मारला असे नव्हे. मेंढीचा हिशेब हेच मूळ कारण होते. नावाने त्या हिशेबाला नैतिक बळ दिले.

इनामांमुळे व बंदुकीमुळे जे झाले त्याहून मोठा संहार मात्र कोणी न ठरवता झाला. पहिल्या जहाजांबरोबर मांजरे आली. 1859 मध्ये टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेपायी ससे सोडले, आणि त्याच हौसेने आणलेला तांबडा खोकड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या मुलखात स्थिरावून सशांच्या पाठोपाठ पसरत गेला. शिवाय वाळवंटातील लोक मिशनांच्या व सरकारी वस्त्यांवर गोळा होऊ लागले, तशी गवताचे लहान लहान तुकडे आळीपाळीने जाळण्याची त्यांची रीत खंडित झाली. त्या रीतीने माळावर कोवळे गवत व जुने झुडूप यांची ठिगळे शेजारी शेजारी राहत. एकाला अन्नासाठी आणि दुसऱ्याला लपण्यासाठी लहान प्राणी बिलगून असत. ती थांबताच अफाट वणवे लागू लागले. बर्बिज व मॅकेन्झी यांनी 1989 साली दाखवून दिले की, सर्वांत अधिक हानी झाली ती साधारणतः 35 ग्रॅम ते 5,500 ग्रॅम वजनाच्या सस्तन प्राण्यांची. मांजर व खोकड यांच्या तोंडात मावेल असाच हा आकार आहे. 1788 पासून ऑस्ट्रेलियाने सस्तन प्राण्यांच्या 30 हून अधिक जाती कायमच्या गमावल्या. आधुनिक काळात दुसऱ्या कोणत्याही देशात इतक्या गेलेल्या नाहीत.

या संकटाला जुन्या प्रकारच्या संस्थांजवळ उत्तर नव्हते. 1909 मध्ये सिडनीत डेव्हिड स्टेड प्रभृतींनी वन्यजीवरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली, तेव्हा तिच्यासमोर शत्रू होता तो शिकारी व कातड्यांचा व्यापारी. तो शत्रू खराच होता. क्वीन्सलँड सरकारने 1927 च्या ऑगस्टमध्ये कोआलाच्या शिकारीस मोकळीक दिली, आणि महिन्याभरात सुमारे सहा लक्ष कातडी जमा झाली. अशा शत्रूविरुद्ध कायदा, लोकमत व अर्जविनंत्या ही साधने उपयोगी पडतात आणि पडलीही. परंतु खोकडाला राजपत्र वाचता येत नाही. अभयारण्याची सीमा नकाशावर आखली तरी मांजर ती रोज ओलांडत होते.

कायद्याऐवजी कुंपण घालण्याची कल्पना जॉन वॉम्स्ली या गणिताच्या पदवीधराने रुजविली. ॲडलेडजवळील मायलर येथे 1969 मध्ये त्याने एक जुने दुग्धालयाचे शेत विकत घेतले, त्यातील परकी झाडे काढली, सभोवार मांजर-खोकडांना अभेद्य असे जाळीचे कुंपण घातले आणि आत एतद्देशीय प्राणी सोडले. हेच वॉरावाँग अभयारण्य होय. वॉम्स्लीचा स्वभाव भांडखोर होता आणि लोकांचे लक्ष वेधण्याची कला त्याला अवगत होती. 1991 मध्ये एका समारंभास तो मांजराच्या कातड्याची टोपी घालून गेला. तिचे छायाचित्र देशभर पोचले आणि मांजराचा प्रश्न घरोघरी बोलला जाऊ लागला.

त्याचे दुसरे धाडस अधिक विचार करावयास लावणारे आहे. आपली अभयारण्ये त्याने ‘अर्थ सँक्चुअरीज’ या कंपनीच्या रूपाने चालविली आणि 2000 मध्ये तिचे भाग ऑस्ट्रेलियाच्या रोखेबाजारात आणले. शेळ्यामेंढ्यांप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या मालमत्तेची नोंद करण्याचा हिशेबशास्त्राचा एक दंडक त्या देशात तेव्हा होता. त्याचा आधार घेऊन कंपनीने आपल्या दुर्मिळ प्राण्यांची किंमत ताळेबंदात दाखविली. मेंढीला किंमत आहे म्हणून ती जगते. बिल्बीला किंमत नाही म्हणून ती मरते. तेव्हा बिल्बीलाही किंमत द्या, असा हा युक्तिवाद. त्यात तर्कदोष काढणे सोपे नाही. अडचण व्यवहाराची होती. मेंढी बाजारात विकता येते, तर बिल्बीला गिऱ्हाईक नव्हते. आणि पर्यटकांच्या तिकिटांवर दूरच्या माळरानावरील कुंपणांचा खर्च भागला नाही. दोनच वर्षांत कंपनीला आपल्या जमिनी विकावयास काढाव्या लागल्या.

त्या जमिनींपैकी चार 2002 मध्ये ज्या संस्थेने घेतल्या, ती म्हणजे ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कन्झर्व्हन्सी. तिचा संस्थापक मार्टिन कोप्ले हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, विमाव्यवसायात संपन्न झालेला गृहस्थ. 1991 मध्ये त्याने पर्थच्या पूर्वेस चिडलोजवळ कॅराकॅमिया ही सुमारे 275 हेक्टरची जागा विकत घेतली व तिला कुंपण घातले. हे नाव नूंगार भाषेतून सिद्ध झाले आहे : ‘कराक’ म्हणजे तांबड्या शेपटीचा काळा काकाकुवा आणि ‘मिया’ म्हणजे घर. 2001 मध्ये या कार्याला धर्मादाय संस्थेचे रूप देण्यात आले आणि कोप्लेच्या एकट्याच्या पैशावर चाललेला उद्योग लोकांच्या देणग्यांवर उभा राहिला. कोप्ले 2014 मध्ये मृत्यू पावला.

वॉम्स्लीकडून या संस्थेने कुंपण घेतले, बाजार घेतला नाही. प्राण्याला विक्रीयोग्य मालमत्ता मानण्याचा प्रयत्न सोडून देऊन तिने दात्याला सांगता येईल असा हिशेब ठेवला : अमुक जमीन, अमुक जाती, अमुक संख्या, दरवर्षीची गणती. संस्थेचे प्राणिशास्त्रज्ञ व कर्मचारी शहरातील कचेरीपेक्षा बहुतांशी प्रत्यक्ष अभयारण्यांवरच राहतात, ही तिच्या रचनेतील महत्त्वाची बाब होय. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या स्कोशिया येथे 8,000 हेक्टर कुंपणबंद जागेत बिल्बी, नंबॅट, बूडी व वॉयली या जाती नांदू लागल्या. लगामपट्ट्याची वॉलबीही तेथे आहे. या वॉलबीची जात संपली असे सर्वांनी गृहीत धरले होते. 1973 मध्ये क्वीन्सलँडमधील एका कुंपणकामगाराने स्त्रियांच्या मासिकात तिच्याविषयीचा लेख वाचला आणि असा प्राणी आपण पाहतो असे कळविले. ही घटना ज्या गावाजवळची आहे त्याचे नाव, योगायोगाने, डिंगो असे आहे. शार्क उपसागरातील फॉर बेटावर मेंढ्या, बोकड व मांजरे काढून टाकल्यावर 2002 मध्ये बूडी सोडण्यात आली. मुख्य भूमीवर एकेकाळी अगणित असलेला हा बिळकरी प्राणी तोवर केवळ काही बेटांवर आणि कुंपणांच्या आत उरला होता.

वॉयलीचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे इष्ट आहे, कारण कुंपणाच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा तेथे मिळतो. नूंगार भाषेतील ‘वल्यु’ या शब्दापासून आलेले हे नाव धारण करणारा प्राणी जेमतेम सव्वा-दीड किलो वजनाचा. जमिनीखालील बुरशीची फळे उकरून खाणे हे त्याचे काम. एकेक प्राणी वर्षाला सुमारे 5 टन माती उलथतो असे मोजमाप झालेले आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील काही झुडपांत निसर्गतःच फ्ल्युओरोॲसिटेट हे विष असते व तेथील प्राण्यांना ते मोठ्या प्रमाणात पचते. खोकडाला पचत नाही. याचा लाभ घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने रानात विषारी आमिषे टाकली, वॉयलींची संख्या झपाट्याने वाढली, आणि 1996 मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून तिचे नाव वगळण्यात आले. संरक्षणशास्त्राच्या इतिहासात हा मोठा गौरवाचा क्षण मानला गेला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत मोकळ्या रानातील वॉयलींपैकी सुमारे नव्वद टक्के नाहीशा झाल्या. मांजरे हे एक प्रमुख कारण मानले जाते, रोगाचाही संशय घेतला गेला. कॅराकॅमियाच्या कुंपणात मात्र त्या टिकून राहिल्या आणि पुढे इतर ठिकाणी सोडण्यासाठी प्राणी तेथूनही नेण्यात आले. यादीतून वगळलेले नाव पुन्हा यादीत घालावे लागले.

मध्य ऑस्ट्रेलियात या संस्थेचे कार्य ज्या ठिकाणी पोचले, तेथे नावांचा व प्राण्यांचा इतिहास एकत्र येतो. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे 350 किलोमीटरवर न्यूहेवन हे 2,62,000 हेक्टरचे जुने गुरांचे कुरण आहे. एका पक्षिसंस्थेने ते 2000 मध्ये घेतले आणि 2006 मध्ये ते कन्झर्व्हन्सीकडे आले. ही भूमी परंपरेने वार्लपिरी लोकांची. ‘माला’ या नावाने ओळखला जाणारा तांबूस रंगाचा छोटा वॉलबी त्यांच्या व दक्षिणेकडील अनंगू लोकांच्या विधींत, गीतांत व भूमिकथांत महत्त्वाचे स्थान धारण करतो. मुख्य भूमीवरील रानटी मालांचे अखेरचे दोन समूह तनामी वाळवंटात होते. त्यांतील एक 1987 मध्ये खोकडाने संपविला आणि दुसरा 1991 मध्ये वणव्यात गेला. त्याआधी पकडून ॲलिस स्प्रिंग्ज येथे पाळलेल्या मालांची संतती तेवढी राहिली.

न्यूहेवन येथे 44 किलोमीटर लांबीचे कुंपण 2018 मध्ये पुरे झाले. त्याच्या आतील सुमारे 9,400 हेक्टरांतून प्रत्येक मांजर काढणे हे काम यंत्रांनी होण्यासारखे नव्हते. ते वार्लपिरी मागकऱ्यांनी केले. वाळूवरील पाऊल पाहून मांजर कोणते, केव्हा गेले, कोणत्या झुडपाखाली थांबले हे सांगणाऱ्या स्त्रीपुरुषांचे ज्ञान, आणि कातडी पाहून प्राणी ओळखणाऱ्या वृद्धांचे ज्ञान, ही एकाच विद्येची दोन अंगे होत. 2019 मध्ये त्या जागेत माला सोडण्यात आले. जे नाव वार्लपिरी मुले एक पिढीभर केवळ ऐकत होती, त्याचा वाच्यार्थ त्यांना पुन्हा दाखविता येऊ लागला.

या सर्व उपक्रमावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. कुंपणातील प्राणी शत्रूला भिणे विसरतो आणि कुंपणावरच कायमचा अवलंबून राहतो, हा पहिला. त्याच्या उत्तरादाखल काही ठिकाणी थोडी मांजरे मुद्दाम आत ठेवून प्राण्यांना भय शिकविण्याचे प्रयोग इतर संशोधकांनी केले आहेत. कुंपणाने डिंगोही बाहेर राहतो, ही वार्लपिरी दृष्टीनेही साधी गोष्ट नव्हे. दुसरा आक्षेप मालकीचा आहे. ज्यांच्याकडून भूमी गेली त्यांना वगळून ती एका धनिकाच्या देणगीने प्राण्यांसाठी राखणे, यात जुन्या अन्यायाचे एक नवे आवर्तन संभवते. न्यूहेवनला जे झाले ते सर्वत्र झालेले नाही, आणि आरंभीची खासगी कुंपणे घालताना हा प्रश्न कोणी फारसा विचारलाही नव्हता.

नावांच्या बाबतीत मात्र एक बदल निश्चित घडला आहे. ‘नेटिव्ह कॅट’ हे नाव मागे पडले आणि बँक्सने 1770 मध्ये टिपलेल्या शब्दावरून आलेले ‘क्वोल’ हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा रूढ झाले. प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड फ्ले याचा त्यात मोठा वाटा होता. 1995 मध्ये ब्रेथवेट व सहकाऱ्यांनी एतद्देशीय उंदीरवर्गीय प्राण्यांसाठी आदिवासी भाषांतील नावे सुचविणारी पुस्तिका काढली. पाणउंदराचे ‘रकाली’ हे नाव तिच्यामुळे चालू लागले, इतर कित्येक नावे कागदावरच राहिली. इयन ॲबट याने 2001 मध्ये नैर्ऋत्य भागातील सस्तन प्राण्यांच्या नूंगार नावांचा जुन्या नोंदींवरून तपशीलवार संग्रह केला. या पुनर्नामकरणातही भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक पेच उरतोच. एका भाषेतील नाव सबंध खंडासाठी स्वीकारले की त्याच प्राण्याची इतर भाषांतील नावे बाजूस पडतात. ‘बिल्बी’ हा शब्द युवालाराय लोकांचा. नूंगार लोक त्याच प्राण्याला ‘डॅल्गाइट’ म्हणत. ईस्टरच्या सणात सशाऐवजी चॉकलेटची बिल्बी विकली जाऊ लागल्यापासून तर पहिल्या शब्दाचे राज्य निर्वेध झाले आहे. कुकच्या लेखणीतून ‘गंगुरु’चे जे झाले, त्याचीच ही सौम्य पुनरावृत्ती म्हणावी लागेल.

धाकटी बिल्बी ही जात मात्र कोणत्याही कुंपणात नाही. तिचा अखेरचा जिवंत नमुना हेडली फिनलेसन याने 1931 मध्ये मिळविला. 1967 मध्ये एका गरुडाच्या घरट्याखाली तिची एक कवटी सापडली. त्याच 1931 साली फिनलेसनला एक छोटा वाळवंटी कांगारूही पुन्हा सापडला होता. 1843 मध्ये जॉन गुल्डकडे आलेल्या नमुन्यांनंतर सुमारे नव्वद वर्षे तो शास्त्राच्या दृष्टीस पडला नव्हता. स्थानिक लोक त्याला ‘ऊलाकुंता’ म्हणत आणि तो कोठे बसतो हे त्यांना ठाऊक होते. 1935 नंतर त्याचीही खात्रीची नोंद नाही.